देणेकऱ्यांचें औदार्य

सन २०२५ च्या जुलै महिन्यांत आयर्लंडच्या पश्चिमेस, गॉलवे परगण्यांतील ट्यूम ह्या गांवीं, घरांच्या वस्तीमधल्या एका हिरवळीभोंवतीं कुंपण घालून उत्खननास आरंभ झाला. प्राचीन राजवाड्याचे अवशेष शोधण्यासाठीं हें उत्खनन नव्हे. १९२५ पासून १९६१ पर्यंत ह्या जागीं बॉन सिकूर नांवाच्या धर्मसंघाच्या जोगिणी अविवाहित मातांसाठीं व त्यांच्या मुलांसाठीं एक आश्रयगृह चालवीत होत्या. कॅथरिन कॉर्लेस ह्या तेथल्याच एका इतिहासप्रेमी गृहिणीनें पदरचे पैसे मोडून सरकारी दप्तरांतून मृत्यूचे दाखले मिळविले, तेव्हां त्या गृहांतील ७९६ मुलें दगावल्याचें दिसून आलें. त्यांच्या दफनाची नोंद मात्र जवळजवळ कोठेंच मिळेना. २०१७ सालीं प्रायोगिक खोदाईंत, सांडपाण्यासाठीं बांधलेल्या वाटणाऱ्या जमिनीखालच्या कप्प्यांत, अर्भकांचीं हाडें सांपडलीं. तीं सांपडल्यावर पुरतें उत्खनन सुरू होण्यास आणखी आठ वर्षें लागलीं. मेलेल्यांची ही कथा. जे त्या व तसल्या घरांतून जिवंत बाहेर पडले त्यांस कोणता न्याय मिळाला, आणि जो मिळाला त्याला न्याय हें नांव शोभतें कीं नाहीं, हा ह्या लेखाचा विषय आहे.

आयर्लंड हें नांव महाराष्ट्रांतील सुशिक्षित घरांस परकें नाहीं. पार्नेल व डी व्हॅलेरा हीं नांवें आमच्या आजोबा-पणजोबांच्या तोंडीं घरच्यासारखीं होतीं. नरसिंह चिंतामण केळकरांनीं मराठींत आयर्लंडचा इतिहास लिहिला तो कांहीं केवळ कुतूहलानें नव्हे. स्वतंत्र भारताच्या राज्यघटनेंतील मार्गदर्शक तत्त्वांची कल्पनाहि १९३७ च्या आयरिश घटनेच्या ४५ व्या कलमावरून घेतलेली आहे. त्याच कलमांत, अपंग, विधवा, अनाथ व वृद्ध ह्यांच्या पोषणास राज्य हातभार लावील, असें वचन आहे. अनाथांस हें वचन मिळालें त्या वर्षीं, त्याच्या आधीं आणि त्यानंतरहि कित्येक वर्षें, ते अनाथ कोठें होते व काय सोशीत होते हें आतां जगजाहीर झालें आहे. हा मजकूर वाचून, "पाहा, हे मिशनरी असेच !" म्हणून ज्यांस आनंद होणार असेल त्यांनीं हा लेख येथेंच मिटावा हें बरें. आम्हांस कोणत्याहि धर्माची निंदा करावयाची नाहीं. आम्हांस हिशेब तपासावयाचा आहे.

औद्योगिक शाळांचा कायदा इंग्रजी अमलांत, १८६८ सालीं, आयर्लंडला लागू झाला. १९०८ च्या मुलांच्या कायद्यानें तो पक्का झाला. आणि १९२२ सालीं इंग्रज गेले तरी चौकट तशीच उभी राहिली. चौकट अशी कीं, मूल मॅजिस्ट्रेटानें पाठवावयाचें, धर्मसंघानें ठेवून घ्यावयाचें, आणि दर मुलामागें दर आठवड्यास ठराविक रक्कम सरकारनें द्यावयाची. बहुतेक मुलांचा अपराध एवढाच कीं घरीं दारिद्र्य होतें, किंवा आई वारली होती, किंवा आईबापांचें लग्न झालेलें नव्हतें. ज्या पैशाच्या आधारानें एखाद्या आईला आपलीं मुलें घरींच पोसतां आलीं असतीं, तो पैसा तीं मुलें तिच्यापासून तोडून नेणाऱ्यांस मिळे. जितकीं मुलें अधिक तितकें उत्पन्न अधिक, हें गणित समजण्यास अर्थशास्त्र शिकावें लागत नाहीं.

डब्लिन शहरांतील गोल्डनब्रिजची शाळा 'सिस्टर्स ऑफ मर्सी' म्हणजे दयेच्या भगिनी ह्यांच्या ताब्यांत होती. तेथें मुलींकडून जपमाळा ओवून घेत. दहा दहा मण्यांचीं साठ दशकें रोज पुरीं करावयाचीं, शनिवारीं नव्वद, असा दंडक होता. तारेनें बोटें कापत. संख्या भरली नाहीं तर मार बसे. ह्या माळा पुढें बाजारांत जात आणि कोणा भाविक बाईच्या हातीं पडत. प्रार्थना करतांना जो मणी ती पुढें सारी तो कोणाच्या बोटांखालून आला आहे हें तिला कळण्याचा कांहींच मार्ग नव्हता.

आणि गॉलवेच्या किनाऱ्याकडे लेटरफ्रॅक येथें ख्रिश्चन ब्रदर्स ह्या संघाची मुलग्यांची शाळा १८८७ पासून १९७४ पर्यंत चालली. पीटर टिरल हा गरीब घरचा मुलगा १९२४ सालीं, वयाच्या आठव्या वर्षीं, तेथें गेला आणि १९३२ सालीं बाहेर पडला. पुढें त्यानें शिंप्याचा धंदा केला. दुसऱ्या महायुद्धांत तो इंग्रजी सैन्यांत होता व जर्मनांच्या हातीं सांपडला. लेटरफ्रॅकच्या मानानें तो बंदिवास सुखाचा होता असें तो म्हणे. त्यानें धर्मसंघास पत्रें लिहिलीं, अधिकाऱ्यांस लिहिलीं. कोणी दाद घेतली नाहीं. ओवेन शीही-स्केफिंग्टन नांवाचे एक सिनेटर तेवढे त्याचें ऐकून घेणारे निघाले, आणि त्यांच्या उत्तेजनानें त्यानें आपली हकीकत लिहून काढली. १९६७ च्या एप्रिलांत लंडनच्या हॅम्पस्टेड हीथवर त्यानें स्वतःस जाळून घेतलें. प्रेत कोणाचें हें कळण्यास जवळजवळ वर्ष लागलें. जवळ सांपडलेल्या एका फाटक्या कार्डावर त्या सिनेटरांचें नांव होतें, त्यावरून ओळख पटली. त्याचें हस्तलिखित सिनेटरांच्या कागदपत्रांत पडून होतें, तें २००६ सालीं छापून निघालें. म्हणजे ह्या माणसाला दाद मागण्याची जी एकच जागा उरली होती ती वाचकाची. आणि ती मिळण्यास त्याच्या मरणानंतर एकूणचाळीस वर्षें जावीं लागलीं.

टिरल गेल्यावर तीन वर्षांनीं, १९७० सालीं, न्यायाधीश आयलीन केनेडी ह्यांच्या समितीनें ही पद्धतिच मोडून टाकावी असें सुचविलें व शाळा एकेक करून बंद होऊं लागल्या. पण बंद झालेल्या शाळेचा जाब कोण कोणाला विचारणार ? १९९९ सालीं मेरी रॅफ्टरी ह्या पत्रकार बाईंनीं केलेली चित्रपटमालिका आयरिश दूरदर्शनवर दाखविली गेली, तेव्हां लोकांचा क्षोभ अनावर झाला. ११ मे रोजीं पंतप्रधान बर्टी आहर्न ह्यांनीं राष्ट्राच्या वतीनें क्षमा मागितली व चौकशीचा आयोग नेमण्याचें ठरलें. पहिल्या अध्यक्षा न्यायमूर्ति मेरी लॅफॉय ह्या सरकारी असहकाराला कंटाळून २००३ सालीं पायउतार झाल्या. त्यांच्यामागून आलेले शॉन रायन ह्यांनीं २० मे २००९ रोजीं पांच खंडांचा अहवाल बाहेर काढला. मार व भीति ह्यांवरच ह्या संस्थांचा कारभार चाले. मुलग्यांच्या संस्थांत लैंगिक अत्याचार मुरलेला होता. संघांच्या वरिष्ठांस तो ठाऊक होता. आणि ठाऊक झाल्यावर त्यांनीं अपराध्याची बदली करून प्रकरण मिटविलें, असे त्या आयोगाचे निष्कर्ष आहेत. परंतु अपराधी कोण ? ख्रिश्चन ब्रदर्स संघानें मध्येंच न्यायालयाची पायरी चढून अडथळा उभा केला, आणि आयोगानें कोणाचेंहि नांव न घेण्याचें मान्य केलें. न्यायालयानें ज्यांस आधींच दोषी ठरविलें होतें त्यांच्याहि वांट्यास अहवालांत टोपणनांव आलें. आमच्याकडे चोर सोडून संन्याशाला सुळीं देतात असें म्हणतात. येथें संन्यासीच आरोपी, म्हणून सुळाचें नांवच काढावयाचें नाहीं असें ठरलें.

आतां भरपाईकडे वळूं. ह्यासाठीं २००२ सालीं कायदा होऊन एक मंडळ स्थापन झालें. त्याच वर्षीं ५ जून रोजीं, म्हणजे निवडणूक होऊन गेलेली आणि नवें पार्लमेंट दुसऱ्या दिवशीं भरावयाचें अशा संधिकाळांत, मावळते शिक्षणमंत्री मायकेल वुड्स ह्यांनीं अठरा धर्मसंघांशीं केलेल्या करारावर सह्या झाल्या. संघांनीं रोख रक्कम, जमीनजुमला व समुपदेशनाची सोय मिळून १२ कोटी ८० लक्ष युरोंचा भार उचलावयाचा. आणि त्याच्या मोबदल्यांत, ह्या योजनेच्या कक्षेंत येणारे जे दावे त्यांच्यावर पुढें होतील त्या सर्वांची जोखीम सरकारनें आपल्या अंगावर घ्यावयाची. किती माणसें येतील व किती पैसा लागेल ह्याचा नीट अंदाज न घेतां ही हमी देण्यांत आली. महालेखापरीक्षकांच्या हिशेबानें पुढें एकूण खर्च दीड अब्ज युरोंच्या घरांत गेला. ज्यांच्या छपराखालीं हे प्रकार घडले त्यांनीं सुमारें बारावा हिस्सा टाकून आपलें अंग काढून घेतलें. उरलेलें सारें ओझें करदात्यावर पडलें. हलवायाच्या घरावर तुळशीपत्र ठेवण्याचें इतकें मोठें उदाहरण आम्हांस तरी दुसरें ठाऊक नाहीं. ज्यांनीं कर भरला त्यांत ह्या शाळांतून बाहेर पडून मोलमजुरी करणारीं माणसेंहि होतीं हें लक्षांत घ्या, म्हणजे आपल्या भरपाईचा कांहीं भाग त्यांनीं स्वतःच भरला हें ध्यानांत येईल. २००९ च्या अहवालानंतर लाजेकाजेस्तव संघांनीं आणखी सुमारें ३५ कोटी युरो देऊं केले. पुढें त्यांतूनहि माघार घेऊन तो आंकडा बराच खालीं आला.

मंडळाची रीत पाहण्यासारखी आहे. अर्जदाराच्या दुःखाला गुण द्यावयाचे. अत्याचाराच्या तीव्रतेला पंचवीसपैकीं, डॉक्टरांनीं प्रमाणित केलेल्या शारीरिक वा मानसिक विकाराला तीसपैकीं, स्वभावावर व संसारावर झालेल्या परिणामांना तीसपैकीं, आणि हुकलेल्या संधीला पंधरापैकीं, एकूण शंभर. पंचवीसच्या खालीं गुण पडले तर ५० हजार युरोंपर्यंत, सत्तर वा अधिक पडले तर २ ते ३ लक्ष. जणूं मॅट्रिकचा निकाल ! कोणी म्हणेल, रक्कम ठरवावयाची तर कांहींतरी माप हवेंच. खरें आहे, मापाला आमचा आक्षेप नाहीं. आमचा आक्षेप असा कीं, सत्तर वर्षांच्या वृद्धाला बंद दाराआड बसवून त्याच्याकडून सारें वदवून घेतलें, त्याच्या लहानपणाला गुण दिले, आणि समोरच्या बाकावर जो बसावयास हवा होता त्याच्या वर्तनाला मात्र कोणी गुण दिले नाहींत. ह्या मंडळाला कोणाला दोषी ठरविण्याचा अधिकारच नव्हता. सोळा हजारांवर अर्ज आले, पंधरा हजारांवर माणसांस पैसे मिळाले, सरासरी रक्कम ६२ हजार युरोंच्या आसपास पडली. पंधरा हजार फिर्यादी खरे ठरले आणि एकहि आरोपी खोटा ठरला नाहीं, असा हा विलक्षण निवाडा आहे.

ह्यावर कळस २८ व्या कलमाचा. रक्कम स्वीकारतांना न्यायालयांत जाण्याच्या हक्कावर उदक सोडावें लागे, हें एक. दुसरें असें कीं, अर्जासंबंधीं किंवा मिळालेल्या रकमेसंबंधीं असा कोणताहि मजकूर प्रसिद्ध करावयाचा नाहीं, ज्यावरून एखादी व्यक्ति वा संस्था ओळखूं येईल. केला तर तो गुन्हा : साध्या खटल्यांत ३ हजार युरोंपर्यंत दंड किंवा सहा महिन्यांची कैद, आणि मोठ्या खटल्यांत २५ हजारांपर्यंत दंड किंवा दोन वर्षांची कैद. लहानपणीं ज्या मुलाला "बाहेर बोललास तर बघ" म्हणून धमकावलें, त्याच्या उतारवयांत सरकारनें तीच धमकी कायद्याच्या भाषेंत लिहून त्याच्या हातीं दिली. ह्या कलमान्वये खटले भरले गेले कीं नाहींत हा प्रश्न गौण आहे. ज्याच्या मनांत आयुष्यभर भीति घर करून आहे त्याला गप्प बसविण्यास खटला भरावा लागत नाहीं, कागद दाखविला तरी पुरतो. आणि एवढ्यावरहि समाधान झालें नाहीं म्हणून कीं काय, २०१९ सालीं आयोगाचीं व मंडळाचीं सारीं दप्तरें पंचाहत्तर वर्षें मोहोरबंद ठेवण्याचें विधेयक मांडण्यांत आलें. पीडितांनीं व इतिहासकारांनीं गिल्ला केला, व पार्लमेंट विसर्जित झाल्यामुळें तें बारगळलें.

मॅग्डलीन धुलाईगृहांची कथा थोडी निराळी. १९२२ पासून १९९६ पर्यंत चार धर्मसंघांच्या दहा धुलाईगृहांतून सुमारें दहा हजार स्त्रिया गेल्या. कोणी औद्योगिक शाळेंतून थेट तेथें धाडलेली, कोणी घरच्यांनीं आणून सोडलेली, कोणी धर्मगुरूच्या शब्दावरून. मजुरी नाहीं, मनास येईल तेव्हां बाहेर पडण्याची मुभा नाहीं, कित्येकींस स्वतःचें नांवहि नाहीं, कारण आंत गेल्यावर दुसरें ठेवीत. आमच्या भाषेंत ह्याला वेठबिगार म्हणतात. १९९३ सालीं डब्लिनच्या हाय पार्क येथील मठानें आपली जमीन इमारती बांधणाऱ्यास विकली, तींत ह्या स्त्रियांची दफनभूमि होती. १३३ प्रेतें हलविण्याचा परवाना काढला होता. खणतां खणतां आणखी २२ सांपडलीं. कित्येकींच्या मृत्यूची सरकार-दरबारीं नोंदच नव्हती. जवळजवळ सर्वांचें दहन करून अस्थि ग्लासनेव्हिनच्या दफनभूमींत एकत्र ठेवल्या. जिवंतपणीं नांव काढून घेतलेल्या बाईची मेल्यावर गणतीहि कोणाला नसावी, ह्यावर आम्ही अधिक काय लिहावें ?

सिनेटर मार्टिन मॅकअलीज ह्यांच्या समितीनें २०१३ च्या फेब्रुवारींत दाखवून दिलें कीं, ज्यांच्या प्रवेशाचा मार्ग कळला त्यांपैकीं २६.५ टक्के स्त्रिया सरकारी यंत्रणेच्याच हातून तेथें पोंचल्या होत्या. पंधरवड्यानें पंतप्रधान एंडा केनी ह्यांनीं पार्लमेंटांत क्षमा मागितली; बोलतां बोलतां त्यांचा कंठ दाटून आला, आणि तो खोटा होता असें आम्ही म्हणत नाहीं. त्यानंतर योजना आली. साडेअकरा हजारांपासून एक लक्ष युरोंपर्यंत, जितकीं वर्षें आंत काढलीं त्या मानानें. येथेंहि सरकारविरुद्ध दावा न करण्याचें लिहून द्यावयाचें होतेंच. योजनेचें वर्णन लॅटिन शब्दांनीं केलें होतें : एक्स ग्रेशिया. आमच्या सरकारी कचेऱ्यांत ह्यालाच 'सानुग्रह' म्हणतात. अपघातांत सांपडलेल्यांच्या वारसांस मंत्री जाहीर करतात तें सानुग्रह अनुदान. सानुग्रह म्हणजे कृपा म्हणून दिलेलें, देणें लागतों म्हणून नव्हे. सर्व वादाचें मूळ ह्या एका शब्दांत आहे. ज्या बाईनें वीस वर्षें बिनमजुरीनें धुणें धुतलें ती सरकारच्या व संघाच्या दारीं याचक म्हणून आलेली नसते. ती धनको आहे. तिच्या मजुरीचा, तिच्या वर्षांचा हिशेब समोरच्याच्या वहींत थकलेला आहे. आमच्याकडे म्हण आहे : धर्माची गाय आणि दांत कां गे नाय ? दानांत मिळालेल्या गाईचे दांत मोजावयाचे नसतात. म्हणूनच देणेकऱ्यास आपलें देणें नेहमीं दान म्हणून द्यावयाचें असतें. मग घेणाऱ्याला दांत मोजतां येत नाहींत. ह्या औदार्यांतहि हात किती आंखडता होता तें पाहा : कित्येक स्त्रियांचें नांव धुलाईगृहाच्या नव्हे तर त्याच आवारांतल्या शेजारच्या संस्थेच्या पटावर होतें, म्हणून त्यांस अपात्र ठरविलें. राबल्या त्या धुलाईगृहांतच. पण पट दुसरा! २०१७ सालीं लोकपालांनीं कान उपटले तेव्हां कोठें त्यांचा विचार झाला. आणि चारहि संघांनीं ह्या निधीस एक पैहि देण्याचें नाकारलें.

तिसरा अंक माता-बालगृहांचा. न्यायाधीश इव्हॉन मर्फी ह्यांच्या आयोगानें १२ जानेवारी २०२१ रोजीं प्रसिद्ध झालेल्या अहवालांत अठरा संस्थांची चौकशी केली. त्यांतून ५६ हजार माता व ५७ हजार मुलें गेलीं. सुमारें ९ हजार मुलें मेलीं. कॉर्कजवळच्या बेसबरो येथें १९४३ सालीं जन्मलेल्या व आणलेल्या मुलांपैकीं शेंकडा पंचाहत्तर मेलीं. इतकें लिहून तोच आयोग म्हणतो कीं, ह्या मातांना मिळालेल्या कठोर वागणुकीची जबाबदारी मुख्यतः त्यांच्या मुलांच्या बापांवर व त्यांच्या घरच्यांवर आहे. बापांनीं तोंड लपविलें व घरच्यांनीं दार लावून घेतलें हें खोटें नाहीं. पण दोष सर्वांत वांटून दिला कीं प्रत्येकाच्या वांट्यास चिमूटभरच येतो, आणि चिमूटभर दोषाबद्दल कोणी तिजोरी उघडीत नाहीं. ह्याच आयोगानें सुमारें साडेपांचशें साक्षीदारांच्या जबान्यांचे ध्वनिमुद्रण पुसून टाकलें होतें, तें पुढें ओरड झाल्यावर परत मिळविण्यांत आलें.

त्यावर आधारलेली योजना २० मार्च २०२४ रोजीं सुरू झाली. सुमारें ३४ हजार माणसें पात्र ठरतील व ८० कोटी युरो लागतील असा सरकारचा अंदाज. पण अट अशी कीं, लहानपणीं ज्यांचा मुक्काम सहा महिन्यांहून कमी झाला त्यांस कांहीं नाहीं. ह्या अटीमागची विचारसरणी आम्हांस समजत नाहीं. किंवा अगदीं नीट समजते. त्या गृहांत मुलावर जो घाव पडला तो मुक्कामाचा नव्हता, ताटातुटीचा होता. पांच महिन्यांचें मूल आईच्या मांडीवरून उचलून दत्तक म्हणून समुद्रापलीकडे धाडलें, आणि तें मोठें झाल्यावर आईचें नांव विचारीत आलें तर कागद दाखविले नाहींत. त्याचें नुकसान सात महिने राहिलेल्या मुलाहून कमी झालें असें कोणत्या काट्यावर तोललें? दोन हजारांवर आयरिश मुलें अशीं अमेरिकेस गेलीं. ह्या मोजमापांत कालावधि घेतला, कारण कालावधि मोजण्यास सोपा व कापण्यासहि सोपा. संघांचें म्हणाल तर, वाटाघाटींचा अहवाल २०२५ सालीं बाहेर आला, त्यांत बॉन सिकूर भगिनींनीं १ कोटी ३० लक्ष युरोंच्या आसपास रक्कम देऊं केली, दुसऱ्या एका संघानें इमारत, तिसऱ्यानें ७५ हजार युरो. इतरांनीं हात वर केले.

आतां पूर्वपक्ष. तो आम्ही टाळीत नाहीं, कारण तो मांडणारे सारेच लबाड नसतात. पहिलें म्हणणें असें कीं काळच तसा होता. त्या वेळीं मुलांस मारणें हेंच शिक्षण समजत. ठीक. पण त्याच काळीं त्याच सरकारच्या शिक्षणखात्यानें ह्या शाळांसाठीं शारीरिक शिक्षेवर मर्यादा घालणारे नियम केलेले होते, आणि शिक्षेची नोंद वहींत ठेवावी असाहि नियम होता. त्या वह्या आयोगाला क्वचितच आढळल्या. नियम होता म्हणजे चूक कोणती हें माहीत होतें. वही नव्हती म्हणजे तें लपविण्याजोगें आहे हेंहि माहीत होतें. १९४६ सालीं अमेरिकेंत 'बॉइज टाउन' स्थापणारे फादर फ्लॅनगन आपल्या मायभूमीस आले. हे स्वतः कॅथॉलिक धर्मगुरु. ह्या संस्था राष्ट्राला लांछन आहेत असें त्यांनीं उघड सभांतून सांगितलें. न्यायमंत्री जेरल्ड बोलंड ह्यांनीं तें अतिशयोक्त ठरवून त्याची दखल घेण्याचें नाकारलें. काळाच्या तोंडीं जबाबदारी ढकलणाऱ्यांस आम्ही विचारतों : फ्लॅनगन कोणत्या काळांत राहत होते ? आणि आमच्या पुण्यास जोतीराव व सावित्रीबाई फुले ह्यांनीं १८६३ सालीं स्वतःच्या घरीं बालहत्या प्रतिबंधक गृह काढलें, विधवेनें यावें, गुप्तपणें बाळंत व्हावें, मूल न्यावें किंवा ठेवून जावें म्हणून सांगितलें, आणि अशाच एका विधवेचा मुलगा दत्तक घेऊन आपलें नांव दिलें, तो काळ तर ह्याहूनहि जुना !

दुसरें म्हणणें, ह्या भगिनींनीं सांभाळलीं नसतीं तर तीं मुलें रस्त्यावर मेलीं असतीं. त्यांच्यांत मायेनें वागणाऱ्याहि होत्या हें आम्ही नाकारीत नाहीं. वांचलेल्यांपैकींच कांहींनीं तसें सांगितलें आहे. परंतु सांभाळण्याचे पैसे सरकारनें दिले होते, वर मुलांचें काम घेतलें होतें. आणि बेसबरोच्या आंकड्यापुढें, रस्त्यावर किती मेलीं असतीं हा प्रश्न विचारावयाचें धाडस करणाऱ्यानें आधीं तो आंकडा मोठ्यानें वाचून दाखवावा.

तिसरें म्हणणें मनाला अधिक भिडणारें आहे : आज त्या मठांतून उरल्या आहेत त्या ऐंशी-नव्वद वर्षांच्या म्हाताऱ्या, त्यांनीं कोणाला बोटहि लावलें नसेल, त्यांच्या म्हातारपणाची बेगमी कां हिरावून घेतां? पण दावा म्हाताऱ्या बाईवर नाहीं, संघावर आहे. संघ ही कायद्यानें न मरणारी व्यक्ति. त्याच्या जमिनी, इमारती, शाळा, रुग्णालयें एका पिढीकडून दुसरीकडे चालत येतात, त्या वेळीं "आम्ही त्या नव्हेत" असें कोणी म्हणत नाहीं. बॉन सिकूर हें नांव आज आयर्लंडमधील खासगी रुग्णालयांच्या सर्वांत मोठ्या समूहावर आहे. बापाची मिळकत घेणाऱ्या मुलाला बापाचें कर्जहि फेडावें लागतें, हें आमच्या जुन्या धर्मशास्त्राला मान्य होतें. आणि जेथें ख्रिस्ताच्या नांवानें मिळकत धारण केली आहे तेथें ही अपेक्षा अधिक नव्हे काय? राहिलें "पैशानें का दुःख भरून येतें ?" हें वाक्य. तें पीडिताच्या तोंडीं खरें आहे. देणेकऱ्याच्या तोंडीं तें निव्वळ काटकसरीचें आहे.

पैसा वसूल होऊं शकत नाहीं असेंहि नाहीं. ऑस्ट्रेलियांत २०१३ ते २०१७ पर्यंत शाही आयोग बसला, आणि १ जुलै २०१८ पासून जी राष्ट्रीय योजना सुरू झाली तींत ज्या संस्थेंत अत्याचार घडला त्या संस्थेनेंच आपल्या वांट्याची भरपाई द्यावयाची. जी संस्था योजनेंत येण्याचें टाळील तिचें नांव सरकार जाहीर करी व तिच्या धर्मादायी सवलतींवर टांच आणी. तेथेंहि उणिवा आहेत. कमाल रक्कम दीड लक्ष डॉलर, आणि अर्जांना विलंब फार. पण सवलतींना हात लागतांच सामील होण्यास नकार देणारांचीं मनें कशीं पालटलीं तें आयरिश सरकारनें पाहावयास हरकत नव्हती.

आयरिश पार्लमेंटास नव्या आयोगाची गरज नाहीं. २८ वें कलम काढून टाकावें, म्हणजे ज्याला बोलावयाचें आहे त्याला बोलतां येईल, व ज्याला गप्प राहावयाचें आहे त्याचा तो हक्क त्याच्याजवळच राहील. आयोगाचीं दप्तरें त्या त्या माणसाला, त्याच्या स्वतःच्या बाबतींत, मागतांक्षणीं दाखवावीं. भरपाई घेतांना दावा सोडून देण्याची अट घालूं नये. अठरा संघांच्या मिळकतीचा उघड हिशेब मागावा व निम्मा भार त्यांच्याकडून वसूल करावा. २००९ नंतर सरकारनेंच तो हिस्सा मागितला होता, ही कांहीं आमची नवी सूचना नाहीं. आणि सहा महिन्यांची अट आजच काढावी. तीमुळें वगळलेल्यांपैकीं पुष्कळजण सत्तरीपलीकडे गेलेले आहेत. दरसाल ते कमी होत आहेत, व जितकें थांबावें तितका हा खर्च आपोआप हलका होत जातो, हें तेथील खजिन्याला कोणी सांगावयास नको.